सात वर्षं उभी असलेली सीडी-१०० : कार्बोरेटर घरीच उघडावा का?

बालाघाटी
१८ मे, रात्री ९:४०

राम राम मंडळी. अंबाजोगाईहून लिहितोय.

वडिलांची हिरो होंडा सीडी-१०० आहे, ९४ची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. याच गाडीवर त्यांनी केज आणि धारूर तालुक्यातल्या चार शाळा केल्या. सात वर्षांपूर्वी त्यांचा गुडघा गेला, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये कडब्याच्या गंजीशेजारी लागली, ती लागलीच. परवा बाहेर काढली. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी चिंध्या आणि सरकी भरून ठेवलेली. टाकीतलं पेट्रोल काढलं तर रंग कोऱ्या चहाचा आणि वास वार्निशचा.

नवं पेट्रोल टाकलं, नवा प्लग टाकला. आता चोक लावून सहाव्या-सातव्या किकला चालू होते. चोक काढला की मरते. रेस दिली की घोगरा आवाज काढून बसते. आणि पाच मिनिटांनी खालच्या नळीतून पेट्रोल टपटपायला लागतं.

एका मिस्त्रीला दाखवली. त्यानं न उघडताच सांगितलं, "सर, कार्बोरेटर गेला. फेकून द्या, दीड हजारात नवा बसवतो." मला तो फेकायचा नाही. गाडीबरोबर आलेला तोच आहे आणि वडिलांनी इतक्या वर्षांत कुणाला त्याला हात लावू दिला नव्हता. मी काही शिकलेला फिटर नाही, पण विहिरीवरची मोटर घरी खोलून बांधतो. घरी उघडला तर नीट होईल का? आणि कुठं हात घालायचा नाही, तेवढं आधी सांगा.


पाना_दहा
१८ मे, रात्री ९:५८

बाकीचं नंतर. आत्ता उठा आणि पेट्रोलचा कॉक बंद करा. शेजारी कडबा आहे म्हणता, तिथं रात्रभर पेट्रोल टपकू देऊ नका. आणि इंजिन ऑइलची काडी काढून वास घ्या. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत तरंगणारा फ्लोट असतो, वाटी भरली की तो पिन दाबून पेट्रोल अडवतो. ही पिन अडकलेली असली की पेट्रोल कधी कधी उलटं इंजिनात उतरतं, ऑइल पातळ होतं. वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय किक मारू नका.


बालाघाटी
१८ मे, रात्री १०:१५

कॉक बंद केला. काडीला वास आहे दादा, हलका पण आहे. उद्या ऑइल काढतो. हे माझ्या डोक्यातही नव्हतं.


वाळूजवाला
१९ मे, सकाळी ७:०५

बालाघाटी, तुमचा कार्बोरेटर गेलेला नाही. चोक लावून चालते आणि चोक काढला की मरते, याचा सरळ अर्थ स्लो जेट, म्हणजे रेस न देता इंजिन चालू राहायला (आयडलिंगला) पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, बंद आहे. चोक हवा अडवतो, त्यामुळे मोठ्या वाटेनं जास्त पेट्रोल खेचलं जातं आणि गाडी त्यावर तग धरते. चोक निघाला की आयडलिंगचं पेट्रोल ज्या बारीक भोकातून यायचं ते भोकच नाही, मग मरणारच. पेट्रोल गळतंय ती वेगळी तक्रार. पिनच्या टोकाशी कचरा बसलाय, नाहीतर टोक झिजलंय.

थोडं स्वतःबद्दल, म्हणजे मी का बोलतोय ते कळेल. १९८५ला वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि आमच्या भागातली पोरं दुचाकीच्या कामाला लागली. मीही पुढं एका छोट्या वर्कशॉपात मशीनवर होतो, जेटसारखी बारीक पितळी कामं रोज हातातून जायची. तेव्हापासून एक सवय लागली, डोळ्यासमोर उजेडाला धरून पाहिल्याशिवाय भोक साफ झालं असं मानायचं नाही.

आता काम. खाली पांढरं कापड अंथरा, वर स्टीलचं ताट ठेवा. स्प्रिंग उडून मातीत पडली तर आपल्या काळ्या जमिनीत ती सापडत नाही. वाटीचे स्क्रू जपानी घाटाचे असतात, साधा फुलीचा पेचकस त्यात पुरता बसत नाही आणि डोकं खातो. पेचकसाचं टोक कानशीवर किंचित घासून बोथट करा, स्क्रूत धरून मागून हातोडीचा एक टोला द्या, मग दाबून फिरवा. एकदा डोकं गोल झालं की दिवस गेला म्हणून समजा.

वाटी उघडल्यावर काही काढायच्या आधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो. फ्लोटची आडवी काडी एकाच बाजूनं निघते, तिचे दोन्ही खांब नाजूक असतात, तिथं ठोकाठोक केली आणि खांब तुटला तर मग खरंच फेकावा लागेल. तुम्ही विचारलं ना कुठं हात घालायचा नाही, तर तिथं. आणि बाजूला बारीक स्प्रिंगवाला स्क्रू आहे, तो काढायच्या आधी हलक्या हातानं आत टेकेपर्यंत किती फेरे जातात ते मोजून भिंतीवर लिहा. टेकल्यावर आवळायचा नाही, त्याचं टोक सुईसारखं असतं.

सगळी रबरं, ओ-रिंगा, पिन, फ्लोट बाजूला काढल्यावरच क्लीनरचा स्प्रे मारायचा. स्प्रेनं रबर फुगतं. आणि डोळ्यांना चष्मा लावा. एका भोकात मारलेला स्प्रे दुसऱ्या भोकातून थेट डोळ्यात येतो.


काळीमाती
१९ मे, सकाळी ८:३०

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. मागच्या वर्षी माझ्या स्प्लेंडरचा असाच झाला होता. मृग तोंडावर आलेला, सोयाबीनचं बियाणं आणायला जालन्याला जायचं होतं. मी नवाच बसवला, अर्ध्या तासात गाडी रस्त्याला. रोजच्या वापराची गाडी असेल तर पेरणीच्या आठवड्यात ताट-कापड घेऊन बसायला सवड कुणाला? मिस्त्रीही चुकीचं सांगत नाही. त्यानं साफ करून दिला आणि आठ दिवसांनी परत बंद पडली तर शिव्या त्यालाच बसतात.


वाळूजवाला
१९ मे, सकाळी ९:१०

काळीमाती, तुमची अडचण खरी आहे, आणि रोजच्या गाडीला तुम्ही केलं ते बरोबरच केलं. पण बालाघाटींची गाडी सात वर्षं उभी आहे, आठवडाभर आणखी उभी राहिली तर कुणाचं काम अडत नाही. शिवाय टाकीतला गंज तोच राहिला तर नवा कार्बोरेटरही महिनाभरात असाच होईल. तुम्ही आठ दिवसांचं म्हणता ते याच्यामुळे. दोष कार्बोरेटरला लागतो, घाण वरून येत असते.

बाजारात मिळणाऱ्या बिनानावाच्या मालात जेट कुठल्या मापाचं घातलेलं असेल सांगता येत नाही. तुमच्या जुन्यातलं पितळ त्याच इंजिनासाठी मापलेलं आहे.


चोक_ओढा
१९ मे, सकाळी ९:४५

सीडी-१०० चं नाव वाचून थांबलो. आमच्या मामांकडे होती, मागं दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, पुढं टाकीवर मी. परळीच्या चढावर मामा दुसऱ्या गियरवर आणायचे आणि गाडीशी बोलायचे, "चल माय, चल."

एक सांगायचं राहिलंच. हिरो होंडानं १९८५ साली पहिली सीडी-१०० काढली ती हरियाणातल्या धारूहेडा इथं. ९४ची गाडी म्हणजे तिथलीच. धारूहेड्याची लेक धारूरला सासरी आली आणि मास्तरांच्या घरी इतकी वर्षं नांदली. माहेरचा दागिना फेकू नका बालाघाटी.


बालाघाटी
१९ मे, सकाळी १०:०२

हे वडिलांना वाचून दाखवलं. सकाळपासून तिसऱ्यांदा "धारूहेड्याची लेक" म्हणून झालं त्यांचं.


प्रयोगवही
१९ मे, दुपारी १:२०

परभणीहून. मी शाळेत विज्ञान शिकवते. माझी स्कूटर तीन महिने उभी राहिल्यावर अशीच रुसली होती, तेव्हा मीच उघडली, म्हणून या धाग्यात बोलायचा धीर करतेय.

पूर्वी उभ्या गाडीत पेट्रोल आटायचं, डिंकासारखा थर राहायचा. आता त्याच्या जोडीला पाणी आलंय. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली वेगळं बसतं. खाली म्हणजे कुठं? टाकीच्या तळाशी आणि कार्बोरेटरच्या वाटीत, जिथं जेटचं तोंड बुडालेलं असतं. पावसाळ्यात गाडी उभी असेल तर हे लवकर होतं. वाटीत पांढरी भुकटी दिसली की समजायचं, धातू खाल्ला जातोय.

मुलांना हे मी काचेच्या मापाच्या नळकांड्यात दाखवते. १० मिलिलिटर पाणी, वर ९० मिलिलिटर पेट्रोल, बूच लावून हलवायचं, हळूच बूच उघडून वाफ जाऊ द्यायची आणि ठेवून द्यायचं. थोड्या वेळानं खालची रेघ दहावर नसते, सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास चढलेली असते. वरचं इथेनॉल पाण्यात उतरलं. उघड्या जागी करायचं, जवळ शेगडी-उदबत्ती काही नको. मुलं त्या रेघेकडे जे डोळे करून बघतात ते पाहण्यासारखं असतं.

जुन्या गाडीला दुसरीही अडचण आहे. २०२३च्या एप्रिलपासून आलेल्या नव्या गाड्यांतलं रबर या पेट्रोलचा विचार करून घेतलेलं आहे. ९४च्या गाडीतलं नाही. तेव्हा रबर जुनं परत घालू नका, सगळं नवं घाला.


मांजराकाठ
१९ मे, दुपारी २:०५

ताई, माहिती बरोबर हाय, पण इथेनॉलच्या नावानं बोटं मोडायलेत सगळे, ते काही पटंना. माझा चार एकर ऊस हाय. साखर गोदामात पडून राहती, इथेनॉल लगेच उचललं जातं, त्यानं कारखान्याच्या हातात पैसा खेळतो आन् आमचं बिल निघतं. माझी स्वतःची गाडी २००६ची हाय, हेच पेट्रोल पिती, रोज चालती. उभी ठिवली तर लोखंडाच्या नांगरालाबी गंज धरतो.


प्रयोगवही
१९ मे, दुपारी २:३०

मांजराकाठ दादा, माझ्या माहेरीही ऊसच आहे, त्यामुळे बिलाची वाट पाहणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आणि रोज चालणाऱ्या गाडीचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे, वाटीतलं पेट्रोल रोज बदलतं, पाणी साठायला वेळच मिळत नाही. माझं म्हणणं उभ्या गाडीपुरतं. महिनाभर गाडी लागणार नसेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेलं काढायचं. एवढं केलं की पेट्रोल कुठलंही असो.


मांजराकाठ
१९ मे, दुपारी २:४१

हे पटलं. औताच्या फाळाला उन्हाळ्यात तेल लावून ठिवतो, तसंच झालं हे.


सरळ_हँडल
१९ मे, सायंकाळी ६:१५

नांदेड. टू स्ट्रोक आरएक्स-१०० आहे, २२ वर्षांपासून माझ्याकडेच.

स्लो जेट साफ करताना शिवणाची सुई घालू नका, हे हात जोडून सांगतो. मी घातली होती. केहीन कंपनीच्या जेटवर ३५ लिहिलेलं असेल तर भोक ०.३५ मिलिमीटरचं असतं. सुई पुढं बारीक आणि मागं जाड, जरा जोर दिला की पितळ पसरतं. त्या भोकाचं माप हेच सगळं गणित आहे. सुई फिरवल्यावर माझी गाडी आयडलिंगला काळा धूर टाकायला लागली, प्लग आठवड्याला काजळायचा, आणि ते जेटमुळं आहे हे कळायला मला सहा महिने लागले.

घरातल्या वायरीतली तांब्याची एक तार घ्या, टेबल फॅनच्या वायरीतली. ती ०.२ मिलिमीटरच्या आसपास असते, सहज जाते, आणि पितळापेक्षा मऊ असल्यानं ओरखडा काढत नाही. जेट आधी क्लीनरमध्ये रात्रभर भिजत ठेवा, मग तार, मग पंक्चरवाल्याकडची हवा. हवा मारताना जेट चिमटीत धरू नका, बंदुकीच्या गोळीसारखा जातो.

टू स्ट्रोकवाल्यांना एक जास्तीचं. जेट अर्धवट बंद राहून पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली तर फोर स्ट्रोक नुसती रडते, आपली जाम होते. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असलं तर तेही कमी पोचतं ना. लोहा गावाच्या पुढं भर उन्हात माझा पिस्टन असाच धरला होता, मागचं चाक लॉक झालं, क्लच ओढला म्हणून वाचलो.


तिफण
१९ मे, रात्री ८:२०

लिंबाच्या रसात उकळला तर नव्यासारखा चमकतो असं बघितलंय एका व्हिडिओत. कुणी केलंय का?


वाळूजवाला
१९ मे, रात्री ८:५०

तिफण, करू नका. कार्बोरेटरचं अंग जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं. आम्ल घाणीबरोबर धातूही खातं, आधी चमकतं आणि मग काळपट पडतं. आतल्या वाटा खरखरीत झाल्या की पुढच्या वेळी घाण तिथं जास्त धरते. फार चिकट असेल तर सराफाकडं दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिकचं यंत्र असतं, ओळखीचा असेल तर विनंती करा. त्यात साबणाचं कोमट पाणी. पेट्रोल किंवा क्लीनर त्या यंत्रात चुकूनही नाही, आग लागेल.


गियर_पाचवा
१९ मे, रात्री ९:३०

बाजूच्या स्क्रूबद्दल राहिलं. बाहेर काढला की पेट्रोल वाढतं, आत घेतला की कमी. दीड फेरा बाहेर ठेवायचा.


सरळ_हँडल
१९ मे, रात्री ९:४४

उलटं सांगताय. बाहेर काढला की हवा वाढते. माझ्या गाडीला बावीस वर्षं हेच करतोय.


गियर_पाचवा
१९ मे, रात्री ९:५०

माझी पल्सर आहे, मी रोज बघतो. बाहेर काढला की पेट्रोलच वाढतं.


वाळूजवाला
१९ मे, रात्री १०:१०

थांबा, दोघांचंही बरोबर आहे. स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते बघा. स्लाइडच्या, म्हणजे रेस दिली की वर सरकणाऱ्या नळकांड्याच्या मागं, एअर फिल्टरकडं असेल तर तो हवेचा स्क्रू, बाहेर काढला की हवा वाढते. स्लाइडच्या पुढं, इंजिनाकडं असेल तर तो मिश्रणाचा, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. या एका गोष्टीवरून मी गॅरेजांमध्ये कपाळं तापलेली पाहिलीत. दीड फेरा ही दोन्हीकडं सुरुवातीची जागा, पुढचं इंजिन गरम झाल्यावर कानानं.


सरळ_हँडल
१९ मे, रात्री १०:१८

कळलं. गियर_पाचवा, आवाज चढवला, मनात ठेवू नका.


बालाघाटी
२१ मे, रात्री ८:३०

उघडला. आधी ऑइल बदललं, मग सगळं तुम्ही सांगितलं तसं. आईचं जुनं पांढरं लुगडं, त्यावर ताट, आणि वडील खुर्ची ओढून शेजारी.

चार स्क्रूंपैकी तीन निघाले, चौथ्याला टोला दोनदा द्यावा लागला. वाटी उघडली आणि आत जे दिसलं ते सांगतो. तळाला हिरवट-तपकिरी खीर, घट्ट झालेली, बोटानं खरवडली तर पापुद्रा निघाला. कडेनं पांढरी भुकटी, मिठासारखी. ताई म्हणाल्या तीच. मेन जेटमधून उजेड दिसत होता, अर्धचंद्रासारखा. स्लो जेटमधून काहीच नाही, ठार अंधार.

मी तो रात्रभर क्लीनरमध्ये ठेवला. सकाळी पंख्याच्या वायरीतली तार घातली, निम्म्यात अडली. परत भिजवला. दुपारी तार गेली आणि तिच्याबरोबर काळ्या दोऱ्यासारखं काहीतरी बाहेर आलं, तिळाच्या अर्ध्याएवढं. जेट खिडकीकडं धरला तर मधोमध टाचणीच्या टोकाएवढा गोल उजेड. वडिलांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "एवढ्यासाठी सात वर्षं?"

अंगातल्या वाटांतून स्प्रे मारला. स्लो जेटच्या जागेतून मारल्यावर मुखातल्या बारीक भोकातून फवारा आला, म्हणजे ती वाट मोकळी. नवं किट आणलं, पॅकिंग आणि पिन बदलली, बांधलं.

गाडी तिसऱ्या किकला चालू झाली, चोक काढल्यावरही चालली. पण टपटप अजून आहे, आधीपेक्षा कमी. आणि एक नवीनच, रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नाही, वरच फिरत राहतं, मग हळूहळू उतरतं. काय चुकलं?


चोक_ओढा
२१ मे, रात्री ८:४२

स्लो जेट मोकळा झाला हे वाचून बायकोला आवाज दिला, "मास्तरांची गाडी बोलली!" तिला आधी सगळा धागा सांगावा लागला.


पाना_दहा
२१ मे, रात्री ९:००

टपटपीसाठी : नवी पिन घातली, पण ती जिथं टेकते ती पितळी बैठक साफ केली का? तिथं पांढऱ्या भुकटीचा खर राहतो. कापूस गुंडाळलेल्या काडीला पितळ चमकवायचं पॉलिश लावा, बैठकीत दहा-बारा वेळा फिरवा, पेट्रोलनं धुवा. पिन घालून कार्बोरेटर उलटा धरा आणि पेट्रोलच्या तोटीला तोंडानं हलकी फुंकर मारा. फ्लोटचं वजन पिनवर असताना हवा जायला नको. तोटी आधी धुवून पुसून घ्या, पेट्रोल तोंडात जाऊ देऊ नका.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला चीर आहे, तो तरंगणार नाही आणि पिन कधी पुरती मिटणार नाही. फ्लोटची जिभली पितळी असेल तर केसभर वाकवून पातळी बदलता येते, सगळाच प्लास्टिकचा असेल तर वाकवू नका.


तिफण
२१ मे, रात्री ९:१५

स्लाइड उलटी तर नाही बसली? माझ्याकडून झाली होती. तिची एक बाजू कापलेली असते, ती एअर फिल्टरकडं हवी. मी उलटी घातली, पहिल्याच किकला इंजिन असं ओरडलं की गल्लीतली कुत्री पळाली.


बालाघाटी
२१ मे, रात्री ९:२२

फोटोशी ताडून बघितलं, स्लाइड बरोबर आहे.


वाळूजवाला
२१ मे, रात्री ९:४०

मग कुठून तरी हवा घेतेय. रेस सोडल्यावर वर राहणं आणि हळूहळू उतरणं ही त्याचीच खूण. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या जोडाची ओ-रिंग बघा. किटमध्ये आली नसेल तर तुम्ही जुनीच घातली असेल, ती सात वर्षांत चपटी होऊन कडक झालेली असणार. तपासायला लोक चालू इंजिनावर क्लीनर मारतात, मी तसं करायला सांगणार नाही, सायलेन्सर गरम असतो. साधं पाणी स्प्रेच्या बाटलीत घ्या. औषध फवारलेली बाटली नको. जोडावर बारीक तुषार मारा, आवाज बदलला की तिथंच गळती.


काळीमाती
२१ मे, रात्री १०:०५

बालाघाटी, मी नवा बसवा म्हणालो होतो. जेटमधला उजेड वाचला आणि आज माझा जुना माळ्यावरून खाली काढला. अजून फेकलेला नव्हता. पण टाकीचं काय केलं तुम्ही? वाळूजवाल्यांनी सांगितलं होतं की घाण वरून येते.


बालाघाटी
२१ मे, रात्री १०:११

टाकी नुसती पेट्रोलनं विसळली. टॉर्चनं बघितलं तर तळाला गंज आहे, विटेच्या रंगाचा.


सरळ_हँडल
२१ मे, रात्री १०:४०

मग टपटप थांबणारच नाही. गंजाचा एक कण पिनखाली गेला की झालं.

मी केलं ते सांगतो. टाकी उतरवा, कॉक काढून तिथं बूच घट्ट लावा. पेट्रोल पूर्ण काढून साबणाच्या पाण्यानं दोनदा धुवा, वास जाईपर्यंत. मग किराणा दुकानात मिळतं ते लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा, रात्रभर ठेवा. गंज जाड असेल तर आधी मूठभर नट-बोल्ट टाकून खळखळवा, आणि टाकताना मोजा, तेवढेच बाहेर आले पाहिजेत. रंगावर थेंब पडू देऊ नका, डाग पडतो. सकाळी ओतलं की पाणी पिवळं-काळं येईल. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं विसळा, मग साधं पाणी, आणि लगेच वाळवा. यात उशीर नको, ओलं लोखंड तासाभरात परत तांबडं पडतं. आपल्याकडं मेमध्ये ऊन आहेच, तोंड उघडं ठेवून उलटी-सुलटी करा. हिटर, गॅस काही नाही. वाळल्यावर थोडं पेट्रोल-ऑइल घालून आतून फिरवा.

कॉकमधली जाळी बदला, आणि नळीत बाहेरचा पारदर्शक फिल्टर लावा. त्यात गंज साठताना दिसतो. पहिले काही दिवस रिझर्व्हवर आणू नका, तळाचा गाळ तिथूनच येतो.


प्रयोगवही
२१ मे, रात्री १०:५५

लिंबूसत्त्व टाकीला चालतं आणि कार्बोरेटरला का नाही, असं कुणाच्या मनात येईल म्हणून लिहिते. टाकी लोखंडी पत्र्याची, तिथं ते गंज आधी खातं आणि आपण वेळेत सोड्यानं थांबवतो. कार्बोरेटरचं जस्त त्याला फार लवकर बळी पडतं.


मांजराकाठ
२२ मे, सकाळी ६:५०

ताई, तुमच्या शाळंत आमच्या पोराला घाला म्हन्तो.


बालाघाटी
२६ मे, सायंकाळी ७:१०

उशीर झाला लिहायला, लग्नसराई होती.

टाकीतून जे निघालं ते बादलीत पाहून आईनं "ह्यानं गाडी चालायची?" असं विचारलं. रात्रभर लिंबूसत्त्व, सकाळी सोडा, अकरा वाजेपर्यंत टाकी कोरडी ठणठणीत. नट बारा टाकले, बारा निघाले. बैठक कापसाच्या काडीनं घासली, काडी पाच वेळा बदलली, पाचव्या वेळी ती पांढरी निघाली. फुंकर मारून बघितलं, हवा जात नाही. टपटप बंद. कॉक उघडा ठेवून खाली रात्रभर वर्तमानपत्र अंथरलं होतं, सकाळी कोरडं.

जोडावर पाणी मारलं तसा आवाज लगेच बदलला. ओ-रिंग काढली तर बोटानं दाबल्यावर तुटली. नवी चाळीस रुपयांना मिळाली. आता रेस सोडली की इंजिन जागच्या जागी खाली येतं.

आज सकाळी उन्हाच्या आधी गाडी काढली, मुकुंदराजांच्या समाधीकडं जाऊन आलो. मधेच थांबून, इंजिन निवल्यावर प्लग काढला. पांढरट होता, बिस्किटाच्या रंगाचा नव्हता. चढाला अर्ध्या रेसवर थोडी हुंदके देते. ताई म्हणाल्या ते इथेनॉलचं यात काही असेल का? आता कुठं हात घालू?


वाळूजवाला
२६ मे, सायंकाळी ७:४५

आधी अभिनंदन, मनापासून.

असू शकतं. पांढरट प्लग म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच जेटमधून आलेलं मिश्रण जुन्या गाडीला हवेकडं झुकतं. नव्या गाड्यांचं इंजेक्शन ते आपोआप सांभाळतं, २०२०ला बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम आल्यापासून बहुतेक दुचाकींना तेच आहे. तुमच्या गाडीला ते हातानं सांगावं लागतं. अर्ध्या रेसचं काम स्लाइडमधल्या सुईचं. तिच्या डोक्याला खाचा असतात, क्लिप आता आहे त्याच्या एक खाच खाली घ्या. सुई तेवढी वर येईल आणि पेट्रोल वाढेल. एकच खाच. मग परत तोच रस्ता, तोच चढ, तसाच प्लग. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशानं काय झालं कळत नाही.


बालाघाटी
२७ मे, सकाळी ९:३०

क्लिप एक खाच खाली घेतली. त्याच चढाला तिसऱ्या गियरवर गेली, हुंदका नाही. प्लग बदामी.

घरी आलो तेव्हा वडील ओट्यावर बसले होते. गाडी स्टँडवर लावून चालूच ठेवली. त्यांनी काठी टेकली, दोन पायऱ्या उतरून आले, टाकीवर हात ठेवून आवाज ऐकला आणि म्हणाले, "रेस अजून जराशी कमी कर. अशी कधी ठेवत नव्हतो मी."


पाना_दहा
२७ मे, सकाळी ९:४१

मास्तरांचं ऐका. पण इंजिन पुरतं गरम असतानाच फिरवा, पाव फेऱ्याच्या पुढं नको.